हृद्‌स्नायूचे सूक्ष्माभिसरण व हृदयाची क्षतिपूर्ती

हृद्‌रोहिण्यांच्या शेवटच्या सूक्ष्म शाखा, त्यांना जोडलेल्या केशवाहिन्या आणि तेथून निघणाऱ्या बारीक नीलिका यांतून हृदयाच्या स्नायूत होणाऱ्या रक्तप्रवाहाला हृद्‌स्नायूचे सूक्ष्माभिसरण म्हणतात. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यावर तो भाग पुन्हा आकुंचन पावू लागेल की त्याच्या जागी केवळ व्रणाचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) उरेल, हे मोठ्या रोहिणीतील अडथळा दूर होण्यावर अवलंबून असते, असे दीर्घकाळ मानले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने ही समजूत अपुरी असल्याचे दाखवून दिले. रोहिणी मोकळी झाली, तरी तिच्या पलीकडील केशवाहिन्या निकामी झाल्या असतील, तर रक्त स्नायूपर्यंत पोहोचत नाही. हा बोध कसकसा होत गेला आणि त्यामुळे उपचारांच्या कल्पनेत कोणता बदल झाला, यांचे विवेचन येथे केले आहे.

रचना व कार्य : डावी व उजवी अशा दोन हृद्‌रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी उगम पावतात आणि हृदयाच्या पृष्ठभागावरून जाताना स्नायूत शाखा पाठवितात. या शाखा लहान होत होत रोहिणिकांत व अखेर केशवाहिन्यांत विभागतात. केशवाहिनीचा व्यास मिलिमीटरच्या सु. ५ ते ८ सहस्रांश एवढाच असतो. त्यामुळे रक्तातील तांबड्या कोशिकांना तीमधून एकामागून एक व पुष्कळदा आकार बदलून जावे लागते. प्रौढ माणसाच्या हृदयात सर्वसाधारणपणे प्रत्येक स्नायुतंतूमागे एक केशवाहिनी असते. जोसेफ वेर्न या अमेरिकन वैद्यांनी १९२८ मध्ये अंतःक्षेपणाच्या पद्धतीने हे प्रमाण दाखविले.

विश्रांतीच्या अवस्थेत हृद्‌रोहिण्यांतून मिनिटाला सु. २५० मिलि. रक्त वाहते. शरीरातील इतर बहुतेक स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातील थोडाच ऑक्सिजन वापरतात. हृद्‌स्नायू मात्र विश्रांतीच्या वेळीही सु. ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. म्हणून श्रमाच्या वेळी वाढलेली गरज भागविण्यासाठी रक्तप्रवाह वाढविण्याखेरीज त्याला फारसा मार्ग नसतो. ही वाढ रोहिणिका रुंद झाल्याने होते आणि निरोगी हृदयात ती चार ते पाच पटींपर्यंत जाऊ शकते. या राखीव क्षमतेला हृद्‌रोहिणी प्रवाहाची राखीव शक्ती म्हणतात.

दुसरी विशेष गोष्ट अशी की, हृदय आकुंचन पावताना स्वतःच्याच सूक्ष्म वाहिन्या दाबते. त्यामुळे डाव्या जवनिकेच्या भित्तीला मुख्यतः प्रसरणकाळात रक्त मिळते. हा दाब पोकळीलगतच्या आतील थरात सर्वाधिक असतो. परिणामी रक्तपुरवठा कमी पडल्यास तोच थर प्रथम संकटात सापडतो.

प्रारंभीचा इतिहास : विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रक्त शरीरात चक्राकार फिरते, हे सिद्ध केले, परंतु रोहिण्यांतून नीलांत ते कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना पाहता आले नाही. ती वाट इटलीतील मार्चेल्लो मालपीगी (१६२८–९४) यांना १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसाचे सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करताना आढळली. हार्वी यांच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी त्यांच्या सिद्धांतातील उणीव अशा प्रकारे भरून निघाली [⟶ रक्ताभिसरण तंत्र]. आडाम क्रिस्टियान टेबेझियुस (१६८६–१७३२) यांनी १७०८ मध्ये लायडन येथील आपल्या प्रबंधात हृदयाच्या पोकळ्यांत थेट उघडणाऱ्या सूक्ष्म नीलांचे वर्णन केले. त्या आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्म वाहिन्या या केवळ निर्जीव नलिका नव्हेत, हे हळूहळू स्पष्ट झाले. जर्मन विकृतिवैज्ञानिक यूलियुस कोनहाइम (१८३९–८४) यांनी दाहाच्या वेळी श्वेत कोशिका सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्तीतून बाहेर पडतात, असे १८६७ मध्ये दाखविले. अर्नेस्ट स्टार्लिंग (१८६६–१९२७) यांनी १८९६ मध्ये केशवाहिन्यांच्या भित्तीतून होणाऱ्या द्रवाच्या देवघेवीमागील दाबांचा समतोल विशद केला. डेन्मार्कचे आउगुस्ट क्रोग (१८७४–१९४९) यांनी स्नायू काम करू लागताच अधिक केशवाहिन्या रक्तासाठी खुल्या होतात, असे प्रतिपादन केले. केशवाहिन्यांच्या नियंत्रण यंत्रणेच्या शोधाबद्दल त्यांना १९२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हे बहुतेक प्रयोग बेडकासारख्या प्राण्यांच्या पातळ ऊतकांवर झाले होते. सतत हलणाऱ्या हृदयाच्या जाड भित्तीतील केशवाहिन्या जिवंतपणी पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

मोठ्या रोहिण्यांचा अभ्यास : रुग्णालयातील वैद्यांचे लक्ष या काळात साहजिकच मोठ्या रोहिण्यांकडे राहिले. हृद्‌शूलाचे उत्कृष्ट वर्णन विल्यम हेबर्डन (१७१०–१८०१) यांनी १७६८ मध्ये सादर केले व ते १७७२ मध्ये छापले गेले. जेम्स हेरिक (१८६१–१९५४) यांनी १९१२ मध्ये हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी होऊनही रुग्ण काही काळ जगू शकतो, हे दाखवून या विकाराचे निदान रुग्णाच्या हयातीत करता येते, असे मांडले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृद्‌रोहिणीत कॅथेटर या बारीक नळीतून क्ष-किरणांना अपारदर्शक असा द्रव सोडून तिचे चित्रण केले. तेव्हापासून रोहिणीतील अरुंद जागा डोळ्यांना दिसू लागली. मात्र या चित्रणात सु. अर्धा मिमी.हून लहान वाहिन्या उमटत नाहीत. जे दिसते तेवढाच आजार, अशी समजूत यातून नकळत दृढ झाली.

अडथळा दूर करण्याच्या उपायांची प्रगती यानंतर वेगाने झाली. १९७६ मध्ये मॉस्को येथील येव्हगेनी चाझोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृद्‌रोहिणीत फायब्रिनोलायसीन हे गुठळी विरघळविणारे द्रव्य सोडल्याचे प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये आंड्रेआस ग्रुंटझिग (१९३९–८५) यांनी झुरिक येथे लहान फुग्याने रोहिणी रुंद करण्याची पहिली क्रिया जागृत रुग्णावर केली. मार्कस डीवुड व सहकारी यांनी १९८० मध्ये निर्णायक पुरावा दिला : हृद्‌विकाराचा झटका आल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांत संबंधित रोहिणी पूर्ण बंद होती. इटलीतील ११,८०६ रुग्णांच्या जिस्सी या चाचणीने १९८६ मध्ये सिद्ध केले की, स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यूचे प्रमाण २१ दिवसांत १३ टक्क्यांवरून १०·७ टक्क्यांवर येते आणि पहिल्या तासात उपचार झाल्यास ते जवळजवळ निम्म्याने घटते.

पुनःप्रवाहाचा अभाव : रोहिणी उघडण्याच्या या यशाच्या आधीपासूनच प्रयोगशाळांत एक वेगळीच गोष्ट दिसून आली होती. शिकागो येथील विकृतिवैज्ञानिक रॉबर्ट जेनिंग्ज व सहकारी यांनी १९६० मध्ये कुत्र्याची हृद्‌रोहिणी ठराविक वेळ बांधून नंतर सोडल्यास काय घडते, याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. रक्तप्रवाह सु. २० मिनिटांपेक्षा कमी वेळ थांबला, तर कोशिका वाचत. त्याहून अधिक वेळ थांबला, तर त्या मरू लागत. पुढे जेनिंग्ज, कीथ राइमर व सहकारी यांनी १९७७ मध्ये दाखविले की, हा मृत्यू आतील थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो. रोहिणी ४० मिनिटे बंद ठेवल्यास धोक्यातील स्नायूचा सु. ३८ टक्के, तीन तासांनंतर ५७ टक्के, सहा तासांनंतर ७१ टक्के आणि २४ तासांनंतर ८५ टक्के भाग मृत झालेला आढळला. रक्तपुरवठ्याच्या अभावी होणाऱ्या अशा ऊतकमृत्यूला अभिकोथ म्हणतात.

दरम्यान जर्मनीतील क्रूग व सहकारी यांनी १९६६ मध्ये रोहिणी सोडल्यावरही हृद्‌स्नायूच्या काही भागांत रक्त परतत नसल्याची नोंद केली. ॲडेलबर्ट एम्स व सहकारी यांनी १९६८ मध्ये सशाच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडून तो पुन्हा सुरू केला व वाहिन्यांत काजळीचे कण सोडले. मेंदूचे काही भाग काळे न होता फिके राहिले. म्हणजे तेथपर्यंत प्रवाह गेलाच नव्हता. या घटनेला त्यांनी ‘नो-रिफ्लो’ म्हणजे पुनःप्रवाहाचा अभाव, असे नाव दिले.

हृदयाच्या बाबतीत रॉबर्ट क्लोनर, चार्ल्स गॅनोट व जेनिंग्ज यांनी १९७४ मध्ये केलेला प्रयोग मूलभूत मानला जातो. कुत्र्याची रोहिणी ४० मिनिटे बांधून सोडल्यावर जंबुपार प्रकाशात चमकणारा थायोफ्लाविन एस हा रंजक स्नायूच्या सर्व भागांत पसरला. ती ९० मिनिटे बांधून सोडल्यावर मात्र आतील थरात रंजक न पोहोचलेले काळे पट्टे राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेथील केशवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या कोशिका फुगलेल्या व त्यांचे फुगवटे पोकळीत आलेले दिसले. सुजलेल्या स्नायुकोशिकांचाही वाहिन्यांवर बाहेरून दाब पडला होता. रोहिणी मोकळी होती. वाट पुढे बंद झाली होती.

यावर एक रास्त प्रश्न उपस्थित झाला : केशवाहिन्या बंद झाल्याने स्नायू मरतो, की स्नायू मेल्यावर केशवाहिन्या बंद होतात? क्लोनर, यूजीन ब्राउनवॉल्ड व सहकारी यांनी १९८० मध्ये कालक्रम तपासून असे दाखविले की, स्नायुकोशिकांना इजा आधी होते व सूक्ष्म वाहिन्यांचा नाश तिच्या मागून होतो. म्हणून पुनःप्रवाहाचा अभाव हा बहुतांशी आधीच मेलेल्या भागात आढळतो. तरीही तो निरुपद्रवी नसतो. मृत ऊतक साफ करणाऱ्या कोशिका व दुरुस्तीसाठी लागणारी द्रव्ये रक्ताबरोबरच येतात. त्यांची वाट बंद झाल्यास व्रण नीट भरत नाही, भित्ती पातळ होऊन ताणली जाते आणि जवनिका फुगत जाते.

केशवाहिन्या बंद होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. रॉबर्ट एंगलर व सहकारी यांनी १९८३ मध्ये श्वेत कोशिका केशवाहिन्यांत अडकून पडतात, असे कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले. माणसात याशिवाय गुठळीचे व रोहिणीविलेपी विकारातील थराचे बारीक तुकडे फुग्याच्या क्रियेत सुटून पुढे वाहत जातात. बिंबाणू एकत्र येतात. अंतःस्तर फाटल्यास रक्त स्नायूत पाझरते. केशवाहिन्यांना वेढणाऱ्या परिकोशिका आकुंचित राहिल्याने त्या अरुंद होतात, असे लंडन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले.

रुग्णांतील प्रत्यय : प्रयोगशाळेतील हा शोध रुग्णशय्येपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ दोन दशके लागली. जपानमधील हिरोशी इतो व सहकारी यांनी १९९२ मध्ये झटका आलेल्या ३९ रुग्णांची रोहिणी उघडल्यावर हृद्‌रोहिणीत सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण सोडून श्राव्यातीत ध्वनितरंगांनी हृदयाचे चित्रण केले. सु. एक चतुर्थांश रुग्णांत रोहिणी उघडी असूनही स्नायूत बुडबुडे पोहोचले नाहीत. त्यांच्या हृदयाचे आकुंचन पुढील आठवड्यांत फारसे सुधारले नाही. ज्यांच्या स्नायूत प्रवाह परतला, त्यांचे सुधारले. उपचार यशस्वी झाला, हा शब्दप्रयोग त्यामुळे नव्याने तपासावा लागला.

यानंतर स्नायूतील प्रवाह मोजण्याच्या अनेक रीती निघाल्या. नेदर्लंड्समधील व्हान ट होफ व सहकारी यांनी १९९८ मध्ये क्ष-किरण चित्रणात स्नायूवर क्षणभर उमटणाऱ्या छटेवरून प्रतवारी सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत कॅथरिन वू, जोआओ लिमा व सहकारी यांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाचा उपयोग केला. या तंत्रात गॅडोलिनियमयुक्त द्रव टोचल्यावर अभिकोथाचा भाग उजळ दिसतो व त्याच्या गर्भात रक्त न पोहोचलेला भाग काळा राहतो. असा काळा गाभा असलेल्या रुग्णांत पुढील गुंतागुंत अधिक आढळली. सात चाचण्यांतील १,६८८ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुग्याने रोहिणी उघडलेल्या या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत असा सूक्ष्मवाहिनी अडथळा होता आणि त्याची व्याप्ती जितकी मोठी, तितका एका वर्षात मृत्यूचा व हृदय अकार्यक्षम होण्याचा संभव जास्त होता.

हृदयाची सावरण्याची क्षमता : प्रवाह परतला तरी स्नायू लगेच काम करू लागतोच असे नाही. हेंड्रिक्स, स्टीफन व्हॅटनर व सहकारी यांनी १९७५ मध्ये दाखविले की, पंधरा मिनिटे रक्त थांबविल्यावर कोशिका जिवंत राहूनही त्यांचे आकुंचन कित्येक तास मंद राहते. ब्राउनवॉल्ड व क्लोनर यांनी १९८२ मध्ये या अवस्थेला ‘बधिर हृद्‌स्नायू’ या अर्थाचे नाव दिले. दीर्घकाळ अपुऱ्या रक्तावर राहून काम कमी केलेल्या स्नायूला शहाबुद्दीन रहिमतुला यांनी शीतनिष्क्रिय हृद्‌स्नायू म्हटले. या दोन्ही अवस्थांतून स्नायू सावरू शकतो. मात्र त्यासाठी सूक्ष्माभिसरण शाबूत असावे लागते.

मेलेल्या स्नायुकोशिकांची जागा माणसात मुख्यतः तंतुमय व्रण घेतो. वातावरणातील अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या कार्बन–१४ चा आधार घेऊन स्टॉकहोम येथील संशोधकांनी २००९ मध्ये असे अनुमान काढले की, पंचविशीत दरवर्षी सु. १ टक्का हृद्‌स्नायुकोशिका नव्या होतात व पंचाहत्तरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. एवढ्याने झटक्यातील हानी भरून येत नाही. याउलट झेब्रा माशाच्या हृदयाचा काही भाग कापला, तरी तो पुन्हा वाढतो, असे २००२ मध्ये आढळले. २०१६ मध्ये या माशातच असे दिसले की, इजा झालेल्या भागात रक्तवाहिन्या त्वरेने वाढू न दिल्यास स्नायूही पुन्हा निर्माण होत नाही. एक दिवसाच्या उंदरात अशी क्षमता असते व सात दिवसांच्या उंदरात ती उरत नाही, हे २०११ मध्ये डॅलस येथील संशोधकांनी दाखविले.

अंतःस्तराचे कार्य : १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट (१९१६–२००९) व जॉन झवाडस्की यांनी ॲसिटिलकोलिनामुळे रोहिणी शिथिल होण्यासाठी तिचा अंतःस्तर शाबूत असणे आवश्यक आहे, हे सिद्ध केले. अंतःस्तरातून निघणारे हे शिथिलकारक द्रव्य नायट्रिक ऑक्साइड असल्याचे १९८७ मध्ये कळले. फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिद मुराद यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे अंतःस्तराचे हे कार्य बिघडते.

या ज्ञानाने एका जुन्या गाऱ्हाण्याचा उलगडा झाला. छातीत दुखते, परंतु रोहिणीचे चित्रण निर्दोष, असे अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, वैद्यांकडे येत आणि दुखणे मनाचे आहे, असे त्यांना पुष्कळदा सांगितले जाई. १९८८ मध्ये रिचर्ड कॅनन व स्टीफन एप्स्टीन यांनी त्यास सूक्ष्मवाहिनीजन्य हृद्‌शूल असे नाव दिले. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या वाइज या स्त्रियांच्या अभ्यासात रोहिणीत अडथळा नसलेल्या, पण छातीत दुखणाऱ्या सु. निम्म्या स्त्रियांत सूक्ष्म वाहिन्यांची राखीव शक्ती घटलेली आढळली.

उपचारांचे प्रयत्न : चार्ल्स मरी, जेनिंग्ज व राइमर यांनी १९८६ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट नोंदविली. कुत्र्याची रोहिणी प्रथम पाच-पाच मिनिटे चार वेळा बांधून सोडली व नंतर ४० मिनिटे बांधली, तर अभिकोथाचा आकार एक चतुर्थांशावर आला. या पूर्वानुकूलनामुळे हृदयाला वाचविण्याची अंगभूत यंत्रणा असल्याचे समजले व औषधांचा शोध सुरू झाला. रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र निराशा पदरी आली. गुठळी शोषून काढण्याच्या क्रियेचा २०१३ व २०१५ मधील दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूच्या प्रमाणावर परिणाम दिसला नाही. सायक्लोस्पोरीन हे औषध २०१५ मध्ये निष्फळ ठरले. दंडावर पट्टा बांधून केलेल्या दूरस्थ अनुकूलनाचा ५,४०१ रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत लाभ झाला नाही. रोहिणीत अल्प मात्रेत गुठळी विरघळविणारे औषध सोडण्याचा प्रयत्नही त्याच वर्षी अयशस्वी झाला. निरोगी तरुण प्राण्यात एकाच कारणाने होणारी इजा आणि वयस्क, मधुमेही रुग्णात अनेक कारणांनी होणारी इजा यांतील अंतर हे या अपयशाचे एक कारण मानतात.

सूक्ष्म वाहिन्यांचा नाश वेळेबरोबर वाढत जातो. म्हणून रोहिणी लवकर उघडणे, हाच त्यांच्या रक्षणाचा सर्वांत खात्रीचा उपाय राहिला आहे. या दृष्टीने भारतातील स्थिती चिंताजनक आढळली. देशातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या क्रिएट या नोंदणी अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. कुत्र्यांवरील १९७४ च्या प्रयोगात ९० मिनिटांतच आतील थरातील वाट बंद झाली होती. माणसात पर्यायी वाहिन्यांमुळे ही मुदत काही अंशी लांबते. तरी सहा तासांच्या विलंबात हृदयाचा पुष्कळ भाग परत न मिळण्याजोगा गमावलेला असतो. छातीत दुखणे हे अपचन समजून रात्र काढणे, गावात वाहन नसणे व जवळच्या रुग्णालयात सोय नसणे यांसारख्या गोष्टींचे मोल अखेर या केशवाहिन्यांना द्यावे लागते.